उलटे फिरणारे पत्ते

आमच्या शाळेत संगणकाचा विषय आला, आणि तो शिकवायला माणूस नाही म्हणून मराठीच्या मास्तराच्या गळ्यात पडला. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेलेली नाही. कादंबऱ्या लिहितो, एवढाच काय तो माझा अपराध. तेव्हा पुस्तक मिटून ठेवले आणि वर्गाला म्हणालो, "समजा, एका यंत्राकडून चकल्या करून घ्यायच्या आहेत. त्याला काय काय सांगाल?"

एक मुलगा उठला. "सोऱ्यात पीठ भर, चकली पाड, तेलात सोड, लाल झाली की काढ, आणि पुन्हा पहिल्यापासून."

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, पीठ संपल्यावर? ते रिकामा सोऱ्याच दाबत बसेल!"

वर्ग हसला. पण वाचकहो, पाठ्यपुस्तकाने दोन प्रकरणे खर्चून सांगितलेला फेरा आणि त्या फेऱ्याला थांबवणारी अट, ही दोन्ही त्या दोन पोरांनी मला दीड मिनिटात शिकवली. घरी आल्यावर मात्र मनाला चाळा लागला. यंत्राला असे 'पुन्हा पहिल्यापासून' म्हणण्याची युक्ती प्रथम सुचली कुणाला? मला वाटले होते, शोध लागेल तो माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत. तो जाऊन पोहोचला थेट मागाच्या खड्ड्यापाशी.

माझे आजोळ सोलापूरचे. तिथल्या चादरीवरचे मोर आणि फुले ज्यावर उठतात, तो जॅकार्डचा माग लहानपणी मी तासन्‌तास पाहिला आहे. वर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ असते. पत्त्यात भोक आले की सुई आरपार जाते आणि तो धागा उचलला जातो. भोक नसले की धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोन शब्दांत सारा मोर लिहिलेला! फ्रान्समधल्या लिआँ गावच्या जॅकार्डने हा माग १८०४ च्या सुमारास सिद्ध केला. त्याच्या पत्त्यांनी विणलेले त्याचेच एक रेशमी चित्र पुढे निघाले. त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले होते.

या माळेत फेरा आहेच. माळ संपली की पुन्हा पहिला पत्ता येतो. पण ती जाते पुढेच, आणि कुणासाठी थांबत नाही. लंडनच्या चार्ल्स बॅबेज या गणित्याने १८३४ पासून एका नव्या गणितयंत्राचे आराखडे मांडायला घेतले, तेव्हा त्याने हेच पत्ते उचलले आणि त्यांत एक भर घातली: त्याच्या यंत्रात पत्ते उलटेही फिरत. पाचवा पत्ता झाला की पुन्हा दुसऱ्यावर या, असे यंत्राला सांगता येत होते. आणि किती वेळा यायचे, वजाबाकीचे उत्तर शून्याखाली गेले तर कोणत्या वाटेने जायचे, हेही. अख्खी माळ न फिरवता हवा तेवढाच तुकडा पुन्हा फिरवायचा. माझ्या मते त्या माणसाच्या साऱ्या चाकादांड्यांपेक्षा ही एक गोष्ट मोठी आहे.

यंत्र मात्र झाले नाही. आधीच्या एका यंत्रापायी सरकारचे १७,००० पौंड खर्ची पडले होते आणि १८४२ मध्ये सरकारने हात झटकले. नव्याला कोण पैसे देणार? राहिले ते कागद. त्या यंत्रावर मेनाब्रेया नावाच्या इटालियन इंजिनियरने फ्रेंचमध्ये एक लेख लिहिला, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १८४३ मध्ये एका बाईने केले. ही लेडी एडा लव्हलेस, कवी बायरनची मुलगी. वय सत्तावीस, घरात तीन लहान मुले. भाषांतराला तिने टिपा जोडल्या, आणि टिपा मूळ लेखाच्या तिप्पट झाल्या! खाली सही केवळ आद्याक्षरांची.

त्या टिपांत या शास्त्राची मुळाक्षरे सापडतात. फेरा आहे, फेऱ्याच्या पोटातला फेराही आहे. आणि 'चल' आहे, ज्याने माझी सर्वांत फजिती केली. संगणकाच्या पुस्तकात 'क = क + १' असे वाचले तेव्हा माझ्यातला जुना अंकगणिताचा विद्यार्थी खवळून उठला होता. बरोबरीच्या खुणेचा हा अपमान! पण बॅबेजच्या यंत्रात चल म्हणजे आकड्यांच्या चकत्यांचा एक खांब. त्यावर आज चार आहे, उद्या पाच मांडा, खांब तोच. पाटी पुसून नवा आकडा लिहावा तसे. टिपांतल्या कोष्टकात तर प्रत्येक खांबाच्या नावापुढे, त्यावरचा आकडा आतापर्यंत कितव्यांदा बदलला, तेही बारीक अक्षरात मांडले आहे. हे पाहिल्यावर माझा राग गेला.

शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याचे एक मोठे कोष्टक आहे: २५ क्रिया, त्यांतल्या १३ ते २३ पुन्हा पुन्हा करायच्या. यातले बॅबेजचे किती आणि बाईंचे किती, यावर पंडित अजून भांडतात. लहानसहान कोष्टके बॅबेजने आधी केली होती, हे खरेच. पण १८६४ च्या आपल्या आत्मवृत्तात तो स्वतःच सांगतो की, बाईंचा त्रास वाचावा म्हणून बर्नुलीचे बीजगणित त्याने करून दिले, आणि त्यात त्याने केलेली एक गंभीर चूक काढून बाईंनी ते परत पाठवले. न झालेल्या यंत्राच्या हिशेबातली चूक पकडणारी ही बाई १८५२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी वारली.

आणि मौज पाहा, छापलेल्या कोष्टकातही एक चूक राहिलीच. चौथ्या क्रियेत चौथ्या खांबाला पाचव्याने भागायचे, म्हणजे ७ भागिले ९. छापले आहे उलट: पाचव्याला चौथ्याने. शेजारच्या रकान्यात उत्तर मात्र बरोबर दिले आहे, त्यामुळे माणूस वाचताना मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. यंत्र कसे सुधारणार? ते मुकाट्याने ९ ला ७ ने भागील, आणि त्यावर बेतलेला पुढचा प्रत्येक आकडा खोटा निघेल. हात छापखान्याचा चुकला की बाईंचा, कोण जाणे. यंत्रच नव्हते, म्हणून चूक उघडकीला आणणारे कुणी नव्हते.

सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या तासाला त्या कोष्टकाच्या पहिल्या चार ओळी मी फळ्यावर उतरल्या, छापील चुकीसकट, आणि काही न बोलता खुर्चीत बसलो. मुलांनी त्या वहीत घेतल्या. घंटेला तीन-चार मिनिटे उरली असतील, तेव्हा मागच्या बाकावरून तोच हात वर आला.