दोन चांगदेव

ज्ञानेश्वरांच्या कथेत चांगदेव हे दुय्यम पात्र. परंतु चौदाशे वर्षे काळाला चकविणारा, वाघावर बसून हाती सर्पाचा चाबूक घेणारा हा योगी लोकांच्या मनातून हललेला नाही. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव गावी तर तोच नायक. त्याच्या नावाचे प्राचीन दगडी मंदिर तेथे आहे आणि महाशिवरात्रीला यात्राही भरते.

या सिद्धाने ज्ञानेश्वरांना पत्र धाडले ते कोरे. मायना काय लिहावा हेच त्याला सुचेना. उत्तरादाखल ६५ ओव्या आल्या, ती 'चांगदेव पासष्टी'. अखेर त्याने लहानग्या मुक्ताबाईला गुरू केले. लोकांनी त्याला अमर केले खरे, पण आधी शिष्य केले.

ही झाली कथा. इतिहासातला चांगदेव निराळा. तो याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणचा. भास्कराचार्यांचा हा नातू यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने मठ काढला. निकुंभ सोइदेवाने १२०७ मध्ये मठाला दिलेली देणगी तेथील शिलालेखात नोंदली आहे. तीत दर घाण्यामागे पळीभर तेल हाही एक हिस्सा आहे. राजाचे नाव दगडावर आहे, सामंताचे आहे. घाणा हाकणाऱ्यांचे नाही.

कथेतला चांगदेव योगबळाने जगला, असे आपण सांगतो. पाटणची विद्या मात्र पळीपळीच्या तेलावर जगली. वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडलेल्या माझ्यासारख्याने त्या अनाम तेल्यांची आठवण काढल्याशिवाय खानदेशचा इतिहास सांगू नये.