निर्मातीचा संसार : स्मिता तळवलकर

मराठी घरांना स्मिता तळवलकर हा चेहरा प्रथम परिचित झाला तो दूरदर्शनच्या बातम्यांमुळे. ५ सप्टेंबर १९५४ रोजी जन्मलेल्या स्मिताताईंनी सुमारे १७ वर्षे वृत्तनिवेदन केले. १९८६ च्या सुमारास त्या चित्रपटांतून अभिनयाकडे वळल्या, परंतु त्यांचे नाव राहिले ते निर्माती म्हणून.

'अस्मिता चित्र' या संस्थेतर्फे त्यांनी 'कळत नकळत' काढला तेव्हा मराठी पडद्यावर विनोदी चित्रपटांची सद्दी होती. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ मध्ये येऊन गेला होता आणि वितरकांना तशाच मालाची अपेक्षा होती. अशा वेळी विवाहबाह्य संबंधामुळे तडा गेलेल्या घराची कथा निवडणे हा धाडसाचाच व्यवहार होता. दिग्दर्शक कांचन नायक, पडद्यावर विक्रम गोखले, सविता प्रभुणे आणि अश्विनी भावे. विनोदाचा हुकमी एक्का मानल्या गेलेल्या अशोक सराफ यांना येथे संयत भूमिका मिळाली. १९८९ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

'चौकट राजा' (१९९१) हे त्यापुढचे पाऊल. मनाची वाढ खुंटलेला नंदू दिलीप प्रभावळकरांनी असा उभा केला की आजही त्या भूमिकेचा उल्लेख झाल्याशिवाय त्यांच्याविषयीचे बोलणे पुरे होत नाही. नंदूच्या बालमैत्रिणीची भूमिका स्वतः स्मिताताईंची. या चित्रपटाने संजय सूरकर हा दिग्दर्शक मराठीला दिला. नवख्या माणसावर पैसा लावायचा आणि तो उतरला की त्याला सोडायचे नाही, ही त्यांची रीत. सूरकर पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यासोबत राहिले, संगीतकार आनंद मोडकही. १९९३ च्या 'सवत माझी लाडकी'चे दिग्दर्शन मात्र त्यांनी स्वतः केले. 'तू तिथे मी' (१९९८) मध्ये उतारवयात मुलांच्या सोयीसाठी एकमेकांपासून दूर राहावे लागणारे दांपत्य मोहन जोशी आणि सुहास जोशी यांनी रंगवले, आणि संस्थेला राष्ट्रीय पुरस्कार दुसऱ्यांदा मिळाला.

तथापि, पुरस्कारांवर संस्था चालत नाही. मराठी चित्रपटाची मिळकत मोजक्या शहरांतील चित्रपटगृहांवर अवलंबून असे; परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी चित्रपट पोहोचेपर्यंत त्याची चर्चा ओसरलेली असायची. दूरचित्रवाणीला ही अडचण नव्हती. मुंबईत आणि मराठवाड्यात मालिकेचा भाग एकाच रात्री दिसे. 'राऊ', 'पेशवाई', 'उन पाऊस' अशा मालिकांचा पसारा त्यांनी मांडला. २००२ पासून अल्फा मराठीवर गाजलेल्या 'अवंतिका'ने तर मृणाल कुलकर्णींना घराघरांत नेले. पतीच्या प्रतारणेनंतर स्वतःच्या पायावर उभी राहणारी ही नायिका 'कळत नकळत'मधल्या पत्नीची धाकटी बहीणच म्हणावी. मालिका लांबली, हे खरे. पण रोजच्या प्रसारणाचे गणित तेव्हा साऱ्यांनाच शिकावे लागत होते.

'सातच्या आत घरात' (२००४) मध्ये त्यांनी तरुण पिढीकडे मोर्चा वळवला. अभिनयाचे शिक्षण देणारी अकादमीही त्यांनी सुरू केली. २०१० नंतर कर्करोगाने गाठले, तरी काम थांबले नाही. सूरकर २०१२ मध्ये गेले, मोडक मे २०१४ मध्ये. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ६ ऑगस्ट २०१४ रोजी, स्मिताताईंचे मुंबईत निधन झाले.