ज्ञानगंगा अभयारण्य आणि वाघाचे पुनर्स्थापन : क्षेत्राच्या सज्जतेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

बुलडाणा जिल्ह्यात आजही 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' अशी तालुक्यांची विभागणी बोलण्यात येते. जुन्या वऱ्हाड प्रांताच्या बालाघाट व पयनघाट या विभागणीचा हा वारसा आहे. चिखली, मेहकर, लोणार हे तालुके घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव हे तालुके पूर्णेच्या खोऱ्यात घाटाखाली येतात. या दोन भागांना विभागणाऱ्या अजिंठा डोंगररांगेत सुमारे २०५ चौरस किलोमीटर क्षेत्राचे ज्ञानगंगा अभयारण्य वसलेले आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य बिबट्या व अस्वल यांच्यासाठी ओळखले जाते.

डिसेंबर २०१९ च्या प्रारंभी या अभयारण्यात एक तरुण नर वाघ दाखल झाला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या या वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली होती, त्यामुळे त्याच्या प्रवासाची नोंद उपलब्ध झाली. तेलंगणातील आदिलाबाद, पैनगंगा अभयारण्य, हिंगोली, वाशीम व अकोला या भागांतून शेते, नाले आणि रस्ते ओलांडत त्याने ज्ञानगंगेपर्यंत तेराशेहून अधिक किलोमीटर अंतर कापले. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढण्यात आली, तोपर्यंत एकूण नोंद तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली होती. त्याला 'वॉकर' हे नाव मिळाले. त्याला सोबत म्हणून एखादी वाघीण ज्ञानगंगेत आणून सोडावी काय, अशी चर्चा २०२० मध्ये सुरू झाली. त्या चर्चेतून वाघीण आणली गेली नाही. परंतु एक मूलभूत प्रश्न मात्र पुढे आला. एखादे क्षेत्र मोठ्या मांसभक्षक प्राण्याच्या पुनर्स्थापनेसाठी सज्ज आहे, हे कोणत्या निकषांवर ठरवावे?

हा प्रश्न सामान्यतः वन्यजीवशास्त्राचा मानला जातो. प्रस्तुत निबंधात त्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. कोणत्याही क्षेत्राची आजची अवस्था ही दीर्घ प्रक्रियेची परिणती असते, आणि पूर्वी झालेले प्रयोग हाच पुढील निर्णयाचा सर्वांत विश्वसनीय आधार असतो.

उद्दिष्टे :

१) वऱ्हाडातील वनभूमीच्या संकोचाची ऐतिहासिक कारणे पाहणे.
२) भारतातील मांसभक्षक प्राण्यांच्या पुनर्स्थापनेच्या प्रमुख प्रयत्नांचा तुलनात्मक आढावा घेणे.
३) त्या आधारे ज्ञानगंगा अभयारण्याच्या सज्जतेची चिकित्सा करणे.

वऱ्हाडातील वनभूमीचा संकोच :

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात भारतीय कापसाला अभूतपूर्व मागणी निर्माण झाली आणि पूर्णेच्या काळ्या जमिनीचे महत्त्व एकदम वाढले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग याच खोऱ्यातून १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ बनली आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव हा फाटा सुरू झाला. पयनघाटातील पडीक जमीन, कुरणे व झुडपी जंगल यांचे शेतीत रूपांतर होण्याची प्रक्रिया या काळात वेगवान झाली. परिणामी उत्तरेकडील सातपुडा आणि दक्षिणेकडील अजिंठा डोंगररांग यांच्यामध्ये शेतीचा सलग पट्टा तयार झाला.

याच काळात हिंस्र प्राण्यांच्या शिकारीस शासकीय बक्षिसे दिली जात होती. पर्यावरण इतिहासकार महेश रंगराजन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ब्रिटिश भारतात ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले. म्हणजेच वाघाचे नाहीसे होणे ही केवळ नैसर्गिक घटना नव्हती. अधिवासाचा संकोच आणि राज्यसंस्थेचे धोरण या दोन्हींचा तो परिणाम होता. मोताळा तालुक्यातील वाघजाळ यांसारखी ग्रामनामे पूर्वीच्या सहवासाची आठवण देतात. तथापि ग्रामनाम हा स्मृतीचा पुरावा आहे, सज्जतेचा नव्हे. एके काळी येथे वाघ होता, एवढ्यावरून आज तो येथे राहू शकेल असे अनुमान काढता येत नाही.

पुनर्स्थापनेचे पूर्वानुभव :

स्वतंत्र भारतातील या प्रकारचा पहिला महत्त्वाचा प्रयोग १९५७ मध्ये झाला. गीरमधील एक सिंह व दोन सिंहिणी उत्तर प्रदेशातील चंद्रप्रभा अभयारण्यात सोडण्यात आल्या. १९६५ पर्यंत त्यांची संख्या अकरापर्यंत वाढली आणि त्यानंतर ते सर्व नाहीसे झाले. क्षेत्र लहान होते आणि प्राण्यांवर पद्धतशीर देखरेख नव्हती. प्रारंभीची वाढ म्हणजे यश नव्हे, हा या प्रयोगाचा धडा आहे.

राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ शिल्लक नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले. त्यानंतर जून २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने पहिला वाघ तेथे आणण्यात आला. मात्र प्रकल्पाच्या आतील गावे, गुरचराई व रहदारी हे प्रश्न तसेच राहिले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये तोच पहिला वाघ विषप्रयोगाने मेला, आणि पहिले बछडे दिसण्यास २०१२ साल उजाडले.

मध्य प्रदेशातील पन्ना येथील अनुभव याहून वेगळा आहे. तेथेही २००९ पर्यंत वाघ संपले होते. त्याच वर्षी बांधवगड व कान्हा येथून वाघिणी आणि पेंचहून एक नर आणण्यात आला. हा नर पेंचच्या दिशेने परत निघाला. वन कर्मचाऱ्यांनी आठवडेच्या आठवडे त्याचा माग काढून त्याला पुन्हा पन्नात आणले. एप्रिल २०१० मध्ये बछडे जन्मले आणि पुढील दहा-बारा वर्षांत तेथील वाघांची संख्या पन्नासच्या पुढे गेली. येथे प्राणी तेच, कायदाही तोच होता. फरक होता तो भक्ष्याच्या उपलब्धतेत आणि देखरेखीच्या सातत्यात.

ओडिशातील सातकोसिया येथे २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून एक वाघ व एक वाघीण नेण्यात आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघ फासात सापडून मेला. वाघिणीवर माणसे मारल्याचा आरोप आला, ग्रामस्थांचा तीव्र विरोध झाला आणि तिला बंदिस्त करावे लागले. २०२१ मध्ये तिची मध्य प्रदेशात परत रवानगी झाली. स्थानिक जनतेला विश्वासात न घेता घेतलेल्या निर्णयाची किंमत तेथे प्राणी आणि माणूस या दोघांनीही मोजली.

कुनोचे उदाहरण आणखी बोलके आहे. गीरच्या सिंहांसाठी तेथील २४ गावे हलविण्यात आली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतराचा आदेशही दिला. परंतु सिंह आले नाहीत. २०२२ मध्ये तेथे आफ्रिकेतील चित्ते आणले गेले. ज्या प्राण्यासाठी गावे उठली तो प्राणी आलाच नाही, ही गोष्ट सज्जतेचा विचार करताना दृष्टिआड करता येत नाही.

सज्जतेचे निकष :

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मध्ये पुनर्स्थापनेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. ती तत्त्वे व वरील अनुभव यांचा एकत्रित विचार करता पाच प्रश्न निर्माण होतात. पहिला, प्राणी ज्या कारणाने नाहीसा झाला ते कारण दूर झाले आहे काय? दुसरा, पुरेसे नैसर्गिक भक्ष्य आहे काय? तिसरा, क्षेत्र पुरेसे विस्तृत व अन्य वाघक्षेत्रांशी जोडलेले आहे काय? चौथा, परिसरातील लोकांची संमती आहे काय? पाचवा, दीर्घकाळ देखरेख करणारी, आणि प्रयोग फसल्यास तो थांबविण्याची योजना आधीच तयार ठेवणारी यंत्रणा आहे काय? या पाचांपैकी एका प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास उरलेल्या चारांनी त्याची भरपाई होत नाही, असे सरिस्का व सातकोसिया यांच्या इतिहासावरून दिसते.

ज्ञानगंगेची चिकित्सा :

पहिल्या निकषाबाबत परिस्थिती संमिश्र आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आली आणि बक्षिसांचे युग संपले. परंतु अधिवासाचा संकोच हे दुसरे कारण कायम आहे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,६६० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ आहे. अभयारण्याचा वाटा जिल्ह्याच्या क्षेत्रात जेमतेम दोन टक्के आहे, आणि बुलडाणा-खामगाव रस्ता बोथ्याच्या जंगलातून म्हणजे अभयारण्यातूनच जातो.

भक्ष्याचे गणित साधे असले तरी कठोर आहे. एका वाघाला वर्षाला साधारणपणे ५० मोठे तृणभक्षी प्राणी लागतात. वाघ आपल्या क्षेत्रातील भक्ष्यसंख्येच्या सुमारे दहा टक्के प्राणी दरवर्षी मारतो, असे मानले तर एका वाघामागे पाचशे प्राण्यांचा साठा हवा. एक नर व दोन वाघिणी धरल्या तरी ही संख्या दीड हजारांवर जाते. बछडे असलेल्या वाघिणीची गरज याहून अधिक असते. ज्ञानगंगेत रोही व रानडुक्कर आहेत. परंतु हे दोन्ही प्राणी पिकांच्या ओढीने अभयारण्याबाहेर पडतात आणि त्यांच्यामागे वाघही शेतात येतो. वॉकरने आपल्या प्रवासात रानडुकरांबरोबर गुरेही मारली होती. वाटसरू नराच्या बाबतीत हे नुकसान विखुरले जाते. एका जागी स्थिरावलेल्या, बछड्यांची आई असलेल्या वाघिणीच्या बाबतीत ते त्याच चार-दोन गावांवर पुनःपुन्हा कोसळते.

विस्ताराबाबत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या धोरणात प्रजननक्षम अशा २० वाघिणींसाठी ८०० ते १००० चौरस किलोमीटरचे निर्वेध क्षेत्र आवश्यक मानले आहे. या प्रमाणात ज्ञानगंगेत फार तर चार-पाच वाघिणी मावतील, आणि तेही संपूर्ण क्षेत्र निर्वेध व भक्ष्यसमृद्ध असेल तर. एवढी लहान संख्या बाहेरून नवे रक्त आल्याशिवाय टिकत नाही. याच जिल्ह्यात सातपुड्यातील अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असून तेथे वाघांचा वावर आहे. नकाशावर हे अंतर फार नाही. परंतु मध्ये पूर्णेचे शेतीव्याप्त खोरे, मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि मलकापूर-खामगाव मार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. १८६० च्या दशकात कापूस व रेल्वे यांनी जी दरी निर्माण केली, तीच आज वाघाच्या वाटेत उभी आहे. दक्षिणेकडील वाटही पूर्वीसारखी राहिलेली नाही. वॉकर २०१९ मध्ये ज्या पट्ट्यातून आला, तो पट्टा छेदणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी असा वाहतुकीस खुला झाला. या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग व उन्नत मार्ग बांधले आहेत. पण त्यांचा उपयोग किती होतो, यावरच ज्ञानगंगेचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून राहील.

चौथा निकष लोकसंमतीचा. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार धरलेल्या 'अवनी' वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालण्यात आली. ती वाघीण कोणी आणून सोडलेली नव्हती. तरीही त्या प्रकरणाने शेतकरी, वनविभाग व निसर्गप्रेमी यांच्यात किती कटुता निर्माण केली हे महाराष्ट्राने पाहिले. मग शासनाने स्वतः आणून सोडलेल्या वाघिणीकडून असे काही घडल्यास त्याची नैतिक जबाबदारी कितीतरी मोठी ठरते. रात्री ओलितासाठी शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याचे मत विचारले गेले नसेल, तर ते क्षेत्र सज्ज आहे असे म्हणता येणार नाही.

पाचव्या निकषाबाबत राज्याचा अनुभव वाढतो आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातील वाघिणी नवेगाव-नागझिरा प्रकल्पात सोडण्यात आल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातील एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातील चांदोली येथे आणण्यात आली. हे दोन्ही व्याघ्र प्रकल्प ज्ञानगंगेहून कितीतरी विस्तृत आहेत आणि तेथे आधीपासून स्वतंत्र व्याघ्र यंत्रणा आहे. त्यामुळे तेथील निर्णय ज्ञानगंगेला जसाच्या तसा लागू होत नाही.

निष्कर्ष :

१) एका वाघाने क्षेत्र निवडणे हा सज्जतेचा संकेत आहे, पुरावा नव्हे. ज्ञानगंगा वाघाला आश्रय देऊ शकते, एवढेच वॉकरच्या वास्तव्याने सिद्ध झाले; ती वाघांची पिढी वाढवू शकते हे सिद्ध झाले नाही.
२) या टप्प्यावर वाघीण आणून सोडणे इतिहासाच्या कसोटीवर समर्थनीय ठरत नाही. २०२० नंतर ती आणली गेली नाही, हे योग्यच झाले.
३) सज्जतेचे एकक अभयारण्य नसून जिल्हा, किंबहुना टिपेश्वर ते गौताळा हा संपूर्ण पट्टा आहे. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक तरुण नर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात पोहोचला. या पट्ट्यातील नदीकाठची झाडी, गायरान व झुडपी जंगल यांचे रक्षण हे वाघीण आणण्याच्या आधीचे काम आहे.
४) कुरणविकास, भक्ष्यवृद्धी, गुरांच्या नुकसानीची वेळेवर भरपाई आणि ग्रामसभांशी संवाद या गोष्टींना प्राधान्य दिल्यास आजचा नकार कायमचा राहणार नाही.

समारोप :

महाराष्ट्रात २००६ मध्ये १०३ असलेली वाघांची संख्या २०२२ च्या गणनेत ४४४ पर्यंत पोहोचली. टिपेश्वरसारख्या लहान अभयारण्यांतून तरुण वाघ बाहेर पडत राहणार, आणि त्यांपैकी काही अजिंठ्याच्या डोंगरात येणार, हे गृहीत धरूनच नियोजन करावे लागेल. वाघ आणणे हे काही दिवसांचे काम आहे. त्याला राहता येईल अशी भूमी घडविणे हे पिढ्यांचे काम आहे. घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांनी ती भूमी आपली मानली, तर वाघीण बाहेरून आणण्याची गरज कदाचित पडणारही नाही. नराने जी वाट शोधली, ती मादीलाही सापडू शकेल. मात्र ती वाट तोपर्यंत शिल्लक राहिली पाहिजे.