रोमन द्राक्षमळ्यांचा भूगर्भांतील पुरावा

रोमन लोकांच्या द्राक्षलागवडीविषयीं ग्रंथाधार विपुल आहे. कोलुमेला व प्लिनी या इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रंथकारांनीं वेलींमधील अंतर, चरांची खोली, आधाराच्या काठ्या इत्यादि बाबी बारकाईनें लिहून ठेविल्या आहेत. परंतु ग्रंथांत विधि सांगितला म्हणून तो शेतांत पाळला गेला, असें आम्हांस मानतां येत नाहीं. धर्मनिबंधांच्या पोथ्या चाळणाऱ्यांस हें निराळें सांगावयास नको.

पाँपेई येथील क्रीडांगणाशेजारीं एक विस्तीर्ण मोकळी जागा आहे. जुन्या संशोधकांनीं ती गुरांच्या बाजाराची ठरविली होती, व तें नांव रूढही झालें. विल्हेल्मिना जॅशेम्स्की या विदुषींनीं १९६६ पासून तेथें उत्खनन केलें. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हिअसच्या उद्रेकांत नगर पुरलें गेलें, तेव्हां वेलींचीं मुळें जमिनींत तशींच राहिलीं व पुढें कुजलीं. त्यांच्या पोकळींत वरचे हलके ज्वालामुखी खडे उतरले. ते खडे काढून, तारा घालून, पोकळींत सिमेंट ओतावयाचें. तें कठीण झाल्यावर भोंवतालची माती दूर करावयाची, कीं मुळाचा हुबेहूब आकार हातीं येतो. अशा रीतीनें द्राक्षवेलींच्या दोन हजारांहून अधिक मुळांच्या जागा निश्चित झाल्या. मुळांशेजारीं काठ्यांचीं भोंकें होतीं. वेलींतील अंतर सुमारें चार रोमन फूट, म्हणजे ग्रंथोक्तच. रस काढण्याची जागा व जमिनींत पुरलेले रांजणही तेथेंच मिळाले. गुरांचा बाजार तेथें संपला.

ज्वालामुखी सर्वत्र साहाय्यास येत नाहीं. इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांत, नेन नदीच्या खोऱ्यांत, वोलस्टन येथें रोमन काळचे समांतर चर व खुंटांच्या खुणा आढळल्या. नुसते चर कोणत्याही पिकाचे असूं शकतील. निर्णय झाला तो त्यांतील मातींत मिळालेल्या द्राक्षाच्या परागकणांवरून. हे कण अल्प असतात व दूर पसरत नाहींत, म्हणून वेली तेथेंच होत्या असें अनुमान निघतें. हा शोध २००१ मध्यें प्रसिद्ध झाला. ब्रिटनची भूमि द्राक्षास अनुकूल नाहीं, असा टॅसिटसचा अभिप्राय आहे. त्याच्या काळापुरता तो खरा असेलही, पण पुढील काळास तो लावतां येणार नाहीं. पाँपेईस कुदळीनें ग्रंथाची पाठराखण केली. येथें त्याची मर्यादा दाखविली.

आतां आपल्याकडे पाहूं. नेवासें येथें रोमन मद्यकुंभांचीं खापरें मिळालीं, तर अरिकमेडूसारख्या ठिकाणीं व्हेसुव्हिअसच्या परिसरांतील काळ्या वाळूनें ओळखूं येणारींही आहेत. पश्चिम हिंदुस्थानांतील अशीं कांहीं खापरें फेरतपासणींत मेसोपोटेमियाकडील कुंभांचीं ठरलीं, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें. शिवाय खापर आयात सिद्ध करतें, लागवड नव्हे. लागवडीचा निर्देश पाहावयाचा तर पाणिनीच्या कापिशीकडे व कौटिल्यानें नोंदलेल्या कापिशायन मधूकडे वळावें लागेल. आणि तेथेंही चर व पराग हाच आमच्या मतें निर्णायक साक्षीदार होय.