ॲक्सल हाउसिंग, मागची : बांधणी व फेरबदल

मोटारीच्या मागच्या दोन चाकांना जोडणारे पोलादी कवच. मधल्या फुगीर भागात क्राउन-पिनियन व डिफरन्शियल बसते आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून ॲक्सल शाफ्ट चाकांपर्यंत जातात. गाडीचा मागचा भार कमानपाट्यांमार्फत याच कवचावर येतो.

बांधणीचे दोन प्रकार जास्त आढळतात. बँजो प्रकारात पत्र्याचे दाबून घडवलेले भाग वेल्ड केलेले असतात व डिफरन्शियलचा संच पुढून बोल्टने बसतो. सॅलिसबरी प्रकारात मधला भाग ओतीव असून नळ्या त्यात दाबून बसवतात. महिंद्रांनी १९४७ पासून भारतात जुळवलेल्या विलीस जीपचा ॲक्सल या दुसऱ्या प्रकारातला.

पांढुर्णा व सौसर या संत्र्याच्या तालुक्यांत (२०२३ पासून मिळून पांढुर्णा जिल्हा) ट्रॅक्टरची ट्रॉली ओळखीची आहे. तिचा ॲक्सल नुसता भार पेलतो. वेल्डिंगमध्ये तो किंचित वाकला, तर टायर लवकर झिजतात एवढेच. मोटारीच्या हाउसिंगला ही सवलत नाही. आत शाफ्ट फिरत असतो, त्यामुळे नळी जराशी वाकली तरी बेअरिंग तापते, ऑइल सील गळते आणि शाफ्टचे स्प्लाइन खाल्ले जातात. म्हणून हाउसिंग कापून जोडण्याच्या कामात वेल्डिंगच्या देखणेपणापेक्षा दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या बैठका एका रेषेत येणे कितीतरी महत्त्वाचे आहे.

रुंद टायर मडगार्डखाली बसवण्यासाठी हाउसिंग अरुंद करतात. नळी कापण्याआधी लेथवर एक जाड सरळ दांडा आणि त्यावर बसणाऱ्या चकत्या तयार कराव्या लागतात. चकत्या डिफरन्शियलच्या व टोकांच्या बेअरिंगच्या जागी घट्ट बसतात आणि दांडा सर्वांतून आरपार जातो. त्यावर टोके जुळवून आधी समोरासमोर टाके मारायचे, मग थोडेथोडे वेल्ड करून निवू द्यायचे. वेल्ड निवताना आक्रसते आणि नळीला आपल्याकडे ओढते. दांडा अडकला, की नळी वाकली असे समजावे. तो हाताने सरकेपर्यंत काम पुरे झालेले नसते. ओतीव भागाला नळी जोडताना तो भाग आधी तापवून घेतात, नाहीतर जोडाशेजारी तडा जातो. शाफ्टही त्याच मापाने आखूड करून नवे स्प्लाइन पाडावे लागतात.

कमानपाट्यांच्या बैठका शेवटी, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून पक्क्या करतात. सौसरहून छिंदवाड्याकडे सिल्लेवानीचा घाट चढताना जोराखाली पाटे पिळवटतात व पिनियनचे नाक वर उचलले जाते. म्हणून ते आधीच एक-दोन अंश खाली ठेवतात. हवा बाहेर पडायचे छिद्र बुजले, तर तापलेले ऑइल सीलमधून चाकाच्या ब्रेकवर उतरते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या व नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा स्पष्ट केली. कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.