हळू धावणारा शेतकरी

गेल्या वर्षी ऐन श्रावणात मी डाव्या पायाने लंगडत वर्गावर जात असे. पोरे दबक्या आवाजात हसत, आणि त्यांचे हसणे अगदीच अन्यायाचे होते असे मला म्हणवत नाही. पोट सुटलेला, बेचाळीस वर्षांचा मराठीचा मास्तर साताऱ्याच्या डोंगर-शर्यतीत धावणार, ही बातमी मीच शिक्षकांच्या खोलीत मोठ्या ऐटीने पसरवली होती. अर्धमॅरॅथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर. यवतेश्वरचा घाट चढून जायचे आणि पुन्हा खाली यायचे. कादंबऱ्या लिहिणारा माणूस अर्धा जन्म बसून काढतो. त्या बसण्याचे सारे प्रायश्चित्त मी तीन महिन्यांत घ्यावयाचे ठरवले. पहिल्या आठवड्यात रोज दोन मैल, तिसऱ्यात रोज पाच, आणि तेही असे की परत येताना तोंडातून शब्द फुटू नये. सातव्या आठवड्यात नडगी ठणकू लागली. आठव्यात जिना उतरवेना.

डॉक्टरांनी नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबला तेव्हा मी ओरडलोच. ते म्हणाले, "गुरुजी, पहिलीतले पोर तुम्ही एकदम सातवीत बसवता का?" सहा आठवडे धावणे बंद झाले आणि शर्यत हुकली. घरी सौभाग्यवतींना मात्र आनंद झाला असावा. "आता तरी ती अर्धी राहिलेली कादंबरी पुरी करा," एवढेच त्या म्हणाल्या. कादंबरी काही पुरी झाली नाही. पाय उशीवर ठेवून मी धावण्याविषयी वाचत पडलो. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच, म्हणून शेजारी कोश घेऊन. त्या वाचनात मला आर्थर न्यूटन हा गृहस्थ भेटला. त्याची हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

न्यूटन इंग्रज. त्याचा जन्म १८८३ चा. तरुणपणी तो दक्षिण आफ्रिकेत गेला आणि नाताळ प्रांतात शेती करू लागला. पहिल्या महायुद्धानंतर त्याचे सरकारशी वाकडे आले. त्याच्या शेताभोवतालचा मुलूख काळ्या लोकांच्या वस्तीसाठी ठरवण्यात आला. आपल्या जमिनीचे मोल बुडाले, तिची भरपाई मिळावी, असे त्याचे म्हणणे होते. सरकारने ते कानाआड केले. येथे वाचकाने जरा थांबावे. ज्यांच्या वस्तीमुळे आपले नुकसान झाले असे हा गोरा शेतकरी म्हणत होता, त्यांची मूळची जमीन गोऱ्यांनीच घेतली होती. तेव्हा त्याच्या तक्रारीला मी न्यायाचा झगडा म्हणणार नाही. परंतु त्या तक्रारीतून त्याने जी वाट शोधली ती मोठी विलक्षण. शेतकऱ्याचे कोणी ऐकत नाही, पण नामांकित खेळाडूचे वर्तमानपत्रे ऐकतात. तर मग आपण खेळाडू व्हावे! वय अडतीस, हाताशी साधन म्हणजे दोन पाय. समोर एकच शर्यत होती.

ती शर्यत म्हणजे कॉम्रेड्स. व्हिक क्लॅपहॅम नावाचा एक रेल्वे-इंजिनचालक महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या रानातून शेकडो मैल चालला होता. मेलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे नको, घामाचे असावे, असे त्याच्या मनाने घेतले. माजी सैनिकांच्या संघाने त्याला खर्चासाठी एक पौंड दिला, आणि तोही परतीच्या बोलीवर. २४ मे १९२१ रोजी पीटरमॅरिट्झबर्गहून चौतीसजण निघाले. सोळाजण समुद्रकाठच्या डर्बनला पोहोचले. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन मॅरॅथॉन आणि वर थोडे. वाटेत चढउतारांना तोटा नाही. पीटरमॅरिट्झबर्ग हे नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १८९३ साली गांधीजींना आगगाडीतून ज्या स्टेशनावर उतरवले तेच हे गाव.

त्या काळी लांब पल्ल्याच्या तयारीविषयी जगाचे ज्ञान किती होते, हेही पाहण्यासारखे आहे. १९०४ च्या सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये मॅरॅथॉन जिंकणाऱ्या टॉमस हिक्सला वाटेत त्याच्या मदतनिसांनी ब्रँडी आणि कुचल्याचे विष पाजले होते, अंगात जोर येईल म्हणून! १९०८ साली लंडनला डोरांडो पिएत्री अखेरच्या फेरीत पुनःपुन्हा कोसळला आणि लोकांनी त्याला सावरून रेषेपार नेले. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी खेड्यांतली मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली, आणि त्यातून १९२० साली अँटवर्पला आपला चमू गेला. बेळगावकडचा फडेप्पा चौगुले तेथे मॅरॅथॉनमध्ये एकोणिसावा आला. एवढे अंतर रोज धावून पाय तयार करावेत असे मात्र फारसे कोणाच्या मनात येत नसे. तयारी म्हणजे थोडे चालणे, थोडे जोराने पळणे, आणि बाकी सारे छातीच्या हिमतीवर.

न्यूटनने १९२२ च्या जानेवारीत पहिली धाव घेतली. दोन मैलांतच त्याचे पाय असे आखडले की काही दिवस पुन्हा धावता येईना. हे वाचून मला झालेला आनंद क्षुद्र होता, पण खरा होता. मी अशा वेळी दात-ओठ खाऊन चौथ्या दिवशी दुप्पट धावलो असतो, नव्हे, धावलोच होतो. त्याने उलटे केले. तो चालू लागला. चालण्यात हळूहळू धावणे मिसळू लागला. दम लागला की वेग कमी, पण अंतर कमी नाही. सरावात कधी शर्यत करायची नाही, आणि आपल्या ताकदीचा शेवटचा चतुर्थांश घरी पेटीत ठेवूनच बाहेर पडायचे, अशी त्याची रीत. चार-पाच महिन्यांनी तो शर्यतीच्या रेषेवर उभा राहिला. वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होऊन चारच दिवस झाले होते.

त्या वर्षी डर्बनहून वर चढत जायचे होते. पहिल्या काही मैलांत न्यूटन पुष्कळ मागे होता. मग पुढचे एकेक थकू लागले आणि हा आपल्याच चालीने त्यांना मागे टाकत गेला. ८ तास ४० मिनिटांत तो पहिला आला. पुढच्या वर्षी उताराच्या दिशेने त्याने ६ तास ५६ मिनिटे लावली. म्हणजे त्या दिशेचा आधीचा विक्रम दोन तासांहून अधिक फरकाने मोडला. १९२२ पासून १९२७ पर्यंत त्याने ही शर्यत पाच वेळा जिंकली. १९२४ साली लंडन ते ब्रायटनचा रस्ता त्याने सहा तासांच्या आत कापला. आठवड्याला शंभर मैल, कधी त्याहून अधिक, असा त्याचा सराव होता. लोक म्हणत, हा माणूस झिजून मरेल. तो पाइप ओढी, आणि शर्यतीत लिंबाच्या सरबतात भरपूर साखर व मीठ घालून पिई. आपल्या आजीने जुलाब झालेल्या नातवाला द्यावे तेच पेय!

सरकारने मात्र दाद दिली नाही. कीर्ती मिळाली, भरपाई नाही. १९२५ साली तो नाताळ सोडून ऱ्होडेशियात गेला.

हळू धावण्यात इतके काय आहे, याचा उलगडा मला डॉक्टरांनी केला. छाती आणि स्नायू लवकर शिकतात. काही आठवड्यांत दम वाढतो, मांडी घट्ट होते आणि माणसाला वाटते, जमले! हाडे आणि शिरा मात्र मठ्ठ विद्यार्थी. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी तेथला जुना भाग पोखरून काढते आणि नंतर नवा भरते, जसा गवंडी फुगलेला गिलावा आधी खरवडतो. त्या मधल्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षा कच्चे असते. माझा दम सातव्या आठवड्यात सर्वांत चांगला होता आणि नडगी सर्वांत कच्ची, म्हणून मी नेमका त्याच आठवड्यात वेग वाढवला. न्यूटनला हाडाचे हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने ते पायांना विचारून काढले.

तरीही तो दुखापतीतून सुटला असे नाही, आणि त्याची ही गोष्ट मला विजयांपेक्षा अधिक जवळची वाटते. १९२८ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत धावण्याची एक अचाट शर्यत निघाली. अंतर तीन हजार मैलांहून अधिक, आणि पहिले बक्षीस पंचवीस हजार डॉलर. पैशासाठी धावायचे म्हणजे हौशी खेळाडूंच्या पंगतीतून कायमचे उठायचे. न्यूटन उठला. मार्चच्या आरंभी १९९ जण निघाले. पंचेचाळिशीला टेकलेला न्यूटन लवकरच आघाडीवर आला. पुढे अ‍ॅरिझोनाच्या रखरखाटात घोट्याने दगा दिला. टाचेवरच्या त्या जाड शिरेला आपल्याकडे धोंडशीर म्हणतात. ती एकदा कुरकुरू लागली की दवा-पाणी ऐकत नाही. रोज उठून तीस-चाळीस मैल धावायचे, उद्या विश्रांती घेईन म्हणण्याची सोय नाही. ज्याची सारी विद्या घाई न करण्याची, तो अशा ठिकाणी येऊन पडला होता की जेथे घाई टाळताच येत नाही. त्याने शर्यत सोडली. घरी मात्र गेला नाही. त्याच काफिल्याबरोबर राहून धावणाऱ्यांना सल्ला देत राहिला. वाटेत एकेक गळत गेला आणि मे महिन्यात पंचावन्न माणसे न्यूयॉर्कला पोहोचली. अँडी पेन हा ओक्लाहोमाचा वीस वर्षांचा पोरगा पहिला आला. दुखऱ्या पायाने मोटारीतून त्या पोरांना पाहताना न्यूटनच्या मनात काय आले असेल? कादंबरीत मी दोन पाने लिहिली असती. इतिहासात तेवढी मुभा नाही.

१९३४ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्याने इंग्लंडमधील बाथ रस्त्यावर शंभर मैल १४ तास ६ मिनिटांत धावून दाखवले. १९५९ साली तो वारला.

कॉम्रेड्स अजून चालते. मुंबई-पुण्याचे हौशी धावणारेही तेथे जातात. तिचा इतिहास सारा गोड नाही. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या बाईचा अर्ज नाकारला गेला. ती तरीही धावली, ११ तास ३५ मिनिटांत पोहोचली, आणि पदक मिळणार नाही म्हणून लोकांनी वर्गणी काढून तिला चांदीचा चहाचा संच दिला. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा काळा धावपटू असाच नोंदीबाहेर धावला. बायकांना आणि काळ्यांना रीतसर दार उघडले ते १९७५ साली. सॅम त्शबालाला हा पहिला काळा विजेता १९८९ चा. ज्या मुलखात एका गोऱ्याच्या शेताची दाद लागावी म्हणून इतकी पायपीट झाली, तेथे इतरांना नुसते रेषेवर उभे राहायला अर्धशतक लागले.

वाटेच्या साधारण मध्यावर ड्रमंडजवळ रस्त्यालगतच्या दरडीत एक कोनाडा आहे. न्यूटन सरावात तेथे टेकत असे म्हणतात. धावणारे आजही तेथे फूल ठेवतात आणि "गुड मॉर्निंग, आर्थर" म्हणून पुढे जातात. असे केले की उत्तरार्ध चांगला जातो अशी समजूत आहे. आपल्या घाटातल्या खिंडीतल्या देवाला नारळ फोडून पुढे जावे, तसेच हे.

यंदा मी शर्यतीत नाव घातले नाही. मार्गशीर्षात चालायला लागलो. माघात चालण्यात थोडे धावणे मिसळले. आता आठवड्याला पंधरा मैल होतात, आणि सारा वेळ बोलता येईल इतक्या चालीने. यवतेश्वरच्या घाटात अर्ध्यावर एक पडका कठडा आहे. तेथे मी दोन मिनिटे टेकतो. परवा दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल शेजारी थांबली. वर बसलेला माझाच जुना विद्यार्थी.

"दमलासा व्हय गुरुजी? बसा मागं, सोडतो वर."

"नाही रे," मी म्हटले, "अजून दमायचं आहे."

तो हसला आणि गेला. मी उठून नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबून पाहिला, आणि वळण चालत चढलो.