‘असाइन’ आणि वऱ्हाड

‘असाइन’ हे इंग्रजी क्रियापद दिसावयास साधे आहे. परंतु त्याच्या पोटात दोन निराळे अर्थ नांदतात. एखाद्या कामाच्या खर्चाकरिता उत्पन्न नेमून देणे, हा एक. आपला हक्क दस्तऐवजाने दुसऱ्याच्या नावे करून देणे, हा दुसरा. पहिल्यात देणाऱ्याचे स्वामित्व कायम राहते, दुसऱ्यात ते संपते. वऱ्हाडच्या इतिहासात हा भेद केवळ कोशापुरता राहिला नाही.

मे १८५३ मध्ये निजाम नासिरुद्दौला आणि कंपनी सरकार यांच्यात तह झाला. कंटिंजंट फौजेचा खर्च थकलेला होता, व त्यापोटी लॉर्ड डलहौसीस मुलूख कायमचा हवा होता. निजामाने ‘कायमचा’ हा शब्द मानला नाही. तेव्हा रेसिडेंट कर्नल लो याने तो आग्रह सोडला आणि तहात ‘असाइन’ शब्द आला. दरसाल हिशेब दाखवून शिल्लक निजामास द्यावी, असेही ठरले. म्हणजे अर्थ पहिलाच होता.

सध्या लोणार तालुक्यात असलेले बीबी हे गाव या शब्दाबरोबर इंग्रजी अमलाखाली गेले. जवळचा जालन्याकडील मुलूख मात्र १९४८ पर्यंत निजामाकडे राहिला. बीबीच्या शेतकऱ्यास यातले काहीच कोणी विचारले नाही.

१८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले. वऱ्हाड ‘ट्रस्ट’ म्हणून इंग्रजांकडे राहिले आणि निजामाने हिशेबाची मागणी सोडून दिली. पुढे सालारजंगाने फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रोख रक्कम ठेवण्याची तयारी दाखवून प्रांत परत मागितला. तो मिळाला नाही. अखेर १९०२ साली लॉर्ड कर्झनने सालीना २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला. १८५३ मध्ये नाकारलेला शब्द एकोणपन्नास वर्षांनी कागदावर उमटला.

आपल्या जुन्या दप्तरांत मुलूख ‘तोडून देणे’ निराळे व फौजेच्या खर्चास ‘लावून देणे’ निराळे. तहात असा नेमका शब्द असता, तर वऱ्हाड परत मिळाले असते काय? तसे वाटत नाही. हिशेबाचे कलम तर पुरते स्पष्ट होते. तेही सात वर्षांत गेले. संदिग्ध शब्द बलवानास सोयीचा असतो खरा; पण स्पष्ट शब्द टिकविण्यासही बळच लागते.